स्वखुशीने

सकाळी पावणेआठला मी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसतो. ऑफिस दहाचं. कामावर माझं एवढं प्रेम आहे असा कुणाचा गैरसमज नको. गेल्या बारा वर्षांत मस्टरवर माझ्या नावापुढे लाल शाईच जास्त आहे. पण कोरोनामुळे बंद असलेली लोकल १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वसामान्यांसाठी खुली झाली ती अशी: पहाटेच्या पहिल्या गाडीपासून सकाळी सातपर्यंत, मग दुपारी बारा ते चार, आणि रात्री नऊपासून शेवटच्या गाडीपर्यंत. ‘सर्वसामान्य’ या शब्दाची इतकी नेमकी व्याख्या आजवर कुणी केली नव्हती. ज्याला सकाळी दहाला कुठे पोचायचं नाही आणि संध्याकाळी सहाला कुठून निघायचं नाही, तो सर्वसामान्य.

मला पोचायचं असतं. म्हणून डोंबिवलीला सातच्या आत गाडीत शिरायचं, आठच्या आत फोर्टात यायचं, दहापर्यंत पायरी झिजवायची. सहाला सुटलं की नऊ वाजेपर्यंत सीएसएमटीच्या आसपास घिरट्या. आठ तासांच्या नोकरीसाठी पाच तास नुसतं ताटकळणं, प्रवास वेगळा. आणि हे कशासाठी, तर गर्दी टाळण्यासाठी.

गर्दी टळत नसते हो. ती सरकते. जी साडेआठला व्हायची ती आता पावणेसातला होते, आणि पावणेसातची गर्दी जास्त चवताळलेली असते, कारण सातचा ठोका पडला की तिची सर्वसामान्यता संपते. रेल्वेच्या पुस्तकात गर्दीसाठी एक सुरेख शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये उभे १४ ते १६ प्रवासी. सहा फुटांचं अंतर पाळायचं म्हटलं तर एका चौरस मीटरमध्ये एक अख्खा माणूसदेखील मावत नाही. ते जुने दिवस तेव्हा अजून पुरते परतले नव्हते, पण तालीम जोरात होती. परवा माझ्या मानेवर एका गृहस्थांचा श्वास इतका नियमित पडत होता की ठाण्यापर्यंत मला त्यांचा रक्तदाब कळला असता. मी वळून पाहिलं. त्यांनी मास्क घातला होता. हनुवटीला.

ऑफिसचं फर्मान आलं जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी. संध्याकाळी सहा वाजता. वाईट बातमीला शुक्रवारची संध्याकाळ का आवडते, हा अभ्यासाचा विषय आहे. ‘आपण सारे एक कुटुंब आहोत,’ अशी सुरुवात होती. रजा मंजूर करून घ्यावी लागते आणि वाढ मागितली की मार्केट वाईट असल्याचं ऐकावं लागतं, असं हे कुटुंब. ‘गेले दहा महिने आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. आता समोरासमोर बसून काम करण्याची वेळ आली आहे. उपस्थिती अपेक्षित आहे.’ अपेक्षित या शब्दाचा अर्थ ऑफिसात आणि लग्नपत्रिकेत वेगवेगळा असतो. पत्रिकेत नाही गेलं तर चालतं.

त्यावर शंकानिरसनाची बैठक झाली. झूमवर. समोरासमोर बसण्याचं महत्त्व साहेबांनी पंचेचाळीस मिनिटं समजावून सांगितलं. साहेब लोणावळ्याला होते. त्यांच्या मागे हिरवागार डोंगर दिसत होता. आमच्यातल्या एकाने कौतुकाने विचारलं, ‘सर, बॅकग्राउंड कुठून डाउनलोड केलंत?’ तो डोंगर खरा होता.

दिवाळीच्या शुभेच्छांत याच साहेबांनी ‘विक्रमी कामगिरी’ असा शब्द वापरला होता. ती कामगिरी आम्ही इस्त्रीच्या टेबलावर, फ्रिजच्या डोक्यावर, मुलीचा ऑनलाइन वर्ग चालू असताना मोरीच्या उंबऱ्यावर बसून केली होती. घरून काम म्हणजे स्वर्ग असं मी मुळीच म्हणत नाही. दहा महिन्यांत माझी पाठ गेली, आणि बायकोच्या मते माझी अक्कलही. पण काम झालं होतं. मग कमी काय पडत होतं? हजेरी. मालाची आवक-जावक संगणकात दिसते. माणूस वाकून बसलेला मात्र डोळ्यांनीच पाहावा लागतो. त्याशिवाय काही लोकांना पगार दिल्याचं समाधान मिळत नाही.

तर दारात काय होतं ते ऐका.

पहिला अडथळा वॉचमन. तो कपाळावर गन रोखतो. माझं तापमान रोज ९४.१ भरतं. वैद्यकशास्त्राप्रमाणे ९५ च्या खाली गेलेला माणूस गारठून चाललेला असतो, त्याला ताबडतोब ब्लँकेटात गुंडाळायला हवं. वॉचमन ‘ओके’ म्हणतो. आमचं अख्खं ऑफिस ९३ ते ९५ च्या दरम्यान आहे. शवागारात याहून थोडा कमी आकडा येईल, इतकंच.

दुसरा अडथळा लिफ्ट. बटणाशेजारी थर्माकोलचा तुकडा, त्यात शंभरेक टूथपिक टोचलेल्या. एक उपसायची, तिने बटण दाबायचं, खाली डब्यात टाकायची. मग त्याच लिफ्टमध्ये चौघांच्या जागी नऊ जणांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. बटणाला मात्र कुणाचं बोट लागलेलं नाही.

तिसरा अडथळा अंगठ्याचं मशीन. मधे ते बंद होतं, आता पुन्हा सुरू झालंय, शेजारी सॅनिटायझरची बाटली ठेवून. अंगठा ओला केला की मशीन ओळखत नाही. मग अंगठा पँटीला पुसायचा आणि मशीनला लावायचा. हजेरी लागते. पँट काय म्हणते ते विचारायचं नाही.

आणि चौथा अडथळा म्हणजे फॉर्म. ‘मी, खाली सही करणारा, स्वखुशीने कार्यालयात उपस्थित राहत आहे. मला संसर्ग झाल्यास त्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.’ खाली नाव, हुद्दा, सही, तारीख. मी एचआरच्या मॅडमना फोन लावला. म्हटलं, ‘मॅडम, यात ‘स्वखुशीने’ असं आहे.’

‘हो, मग?’

‘पण आलो नाही तर?’

‘मग बिनपगारी धरू ना.’

‘म्हणजे खुशी कुठे आली?’

‘अहो, ते लीगलकडून आलंय,’ मॅडम म्हणाल्या. बिचाऱ्या स्वतः बदलापूरहून येतात. त्यांनीही सही केली होती, माझ्या आधी, वरच्याच ओळीत.

रविवारी, २१ फेब्रुवारी २०२१ ला, तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी टीव्हीवरून नवी मोहीम सांगितली, ‘मी जबाबदार’. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ होतं. आता कुटुंबही गेलं, मी उरलो. त्या आठवड्यात राज्यातल्या रोजच्या रुग्णांचा आकडा आठ हजारांवर गेला, अमरावतीला पुन्हा कुलूप लागलं, आणि लॉकडाउन हवा की नको ते पुढच्या आठ दिवसांतल्या आपल्या वागण्यावर ठरेल असं मुख्यमंत्री म्हणाले. आमच्या ऑफिसात टाळ्या पडल्या. कारण आम्ही सरकारच्या पुढे होतो. आमची ‘मी जबाबदार’ मोहीम तीन आठवड्यांपूर्वीच सुरू झाली होती, सही-शिक्क्यासह, फाइल केलेली, दोन प्रतींत.

आता आत चला. हॉलमध्ये त्रेचाळीस खुर्च्या. मधे कधीतरी एकाआड एक खुर्चीवर लाल पट्टीची फुली मारली होती. सगळे परत आले तेव्हा फुल्या तशाच राहिल्या, माणसं त्यांच्यावर बसली. दोन टेबलांच्या मधे प्लास्टिकचा पारदर्शक पडदा आहे. तो माझ्या नाकापर्यंत येतो. खालच्या निम्म्या चेहऱ्याने मी सुरक्षित आहे. पडद्याच्या वरून समोरचे कॅशियर दिवसभर फोनवर बोलतात. पूर्ण शांत माणूस, पण फोनवर त्यांचा असा समज आहे की पलीकडचा माणूस नागपुरात आहे, तर आवाज नागपुरापर्यंत गेला पाहिजे.

आणि एसी. तो अठरावर. जून २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ऑफिसांसाठी नियम काढले, त्यात स्पष्ट लिहिलंय की एसी २४ ते ३० च्या दरम्यान ठेवा, बाहेरची ताजी हवा जितकी आत घेता येईल तितकी घ्या, हवा खेळती ठेवा. हे नियम आमच्या नोटीस बोर्डावर लावलेत. बोर्डासमोर उभं राहिलं की थंडीने वाचवत नाहीत.

खेळती हवा! आमच्याकडे खेळते ती हवा नव्हे. त्रेचाळीस जणांनी मिळून केलेला श्वास आहे तो, सकाळी दहाला सुरू झालेला, छताच्या पीओपीला धडकून परत आमच्याकडे येणारा. चार वाजेपर्यंत तो इतक्यांच्या आतून फिरून आलेला असतो की त्याला आता पीएफ सुरू करायला हरकत नाही.

एक उदाहरण सांगतो, कारण टूथपिकवर माझा राग का आहे ते त्याशिवाय कळणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियात सोल शहरातल्या एका उंच इमारतीत, अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये साथ शिरली. त्या मजल्यावर २१६ माणसं कामाला. त्यातली ९४ बाधित निघाली. बहुतेक सगळी मजल्याच्या एकाच बाजूची, एकमेकांना खेटून बसणारी, दिवसभर बोलणारी. इमारतीतल्या बाकीच्या लोकांची लिफ्ट तीच, बटणं तीच, खालची लॉबी तीच. पण अकरावा मजला सोडला तर बाधित अगदी तुरळक सापडले. म्हणजे घात बटणाने केला नाही. घात केला तासन् तास एका हवेत बसण्याने. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की बाबांनो, हवेकडे बघा. हे सगळं छापून आलेलं आहे. मी त्याचं कात्रण साहेबांना पाठवलं. साहेबांचं उत्तर आलं, ‘नोटेड.’ दुसऱ्या दिवशी टूथपिकचा नवा थर्माकोल आला, मोठा.

का, तर टूथपिक दिसते. गन दिसते. बाटली दिसते. पाहुण्यांना फिरवून दाखवता येते, बिलही जोडता येतं. हवा कुणाला दाखवणार?

मला भीती वाटते. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. पुरुषाने, त्यातून त्रेचाळिशीतल्या, त्यातून मुंबईच्या ऑफिसातल्या, असं बोलायचं नसतं. ‘डोकं दुखतंय’ चालतं, ‘पित्त झालंय’ चालतं, ‘सासऱ्यांना अॅडमिट केलंय’ तर फारच चालतं. पण ‘भीती वाटते’ म्हटलं की समोरचा प्रथम हसतो, मग खांद्यावर थाप मारतो. सध्या थापसुद्धा नकोशी वाटते, ही वेगळी अडचण.

कशाची भीती, असं तुम्ही विचाराल. माझी नाही. म्हणजे आहेच, पण ती सांगण्यासारखी नाही. घरी आई आहे, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, साखर आहे तिला. घर म्हणजे वन रूम किचन. मला काही झालं तर मी वेगळा कुठे राहणार? बाल्कनीत. तिथे कबुतरं राहतात, आणि ती माझ्या आधीपासून राहतात. कुणी खोकलं की माझं बोट आपोआप टेबलं मोजतं, कितव्या टेबलावरून आला. सातव्याच्या पलीकडचा असेल तर मी काम सुरू करतो. साथीच्या सुरुवातीला फोन लावला की आधी सरकारी सूचनेतला खोकला ऐकू यायचा, तेव्हापासूनची ही सवय आहे. तेव्हा निदान फोन ठेवून देता यायचा.

मी रजेचा अर्ज काढून पाहिला. सीएल, एसएल, पीएल. ताप आला तर रजा आहे. ताप येईल म्हणून रजा नाही. संगणकावर अर्ज भरायचा तर ‘कारण’ या रकान्यात चार पर्याय येतात: वैयक्तिक, वैद्यकीय, कौटुंबिक, इतर. माझी भीती चारही आहे. मी ‘इतर’ निवडलं, तर संगणक म्हणाला, ‘कृपया तपशील द्या.’ मी लिहिलं, ‘हवा.’ अर्ज नामंजूर झाला.

सोमवारपासून, म्हणजे १ मार्च २०२१ पासून, साठीच्या पुढच्यांना लस मिळणार होती, आणि पंचेचाळीसच्या पुढे आजार असेल तर त्यांनाही. आईचं काम होणार होतं. मी त्रेचाळीसचा, आजार काही नाही. माझी तब्येत इतकी उत्तम होती की माझा नंबर लागायचा पत्ता नव्हता.

आता यावर ऑफिसातला हुकमी एक्का येतो. ‘भाजी आणायला जाता ना? मग?’ जातो. बाजार उघड्यावर असतो, मी दहा मिनिटांत परत येतो, आणि भाजीवाली मला आठ तास समोर बसवून ठेवत नाही. ‘लग्नाला जाता ना?’ इथे मात्र मी गप्प होतो. जानेवारीत मामेबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेलो होतो. पन्नास माणसांची परवानगी होती आणि हॉलवाल्याने पन्नास-पन्नासच्या तीन पंगती उठवल्या. मी दुसऱ्या पंगतीला होतो. जिलबी दोनदा घेतली. तेव्हा माझी भीती काही तर्कशुद्ध आहे असा माझा दावा नाही. तिला आवडनिवड आहे. जिलबीपुढे ती नमते, कॅशियरपुढे नमत नाही.

आणि दीड वाजता तर आमच्या ऑफिसात साथ संपते. सकाळपासून मास्क लावून बसलेले सगळे पँट्रीत जमतात, बारा बाय दहाच्या खोलीत, मास्क खिशात जातात, डबे उघडतात. ‘घे रे, मेथीचं पिठलं आहे.’ ‘वहिनींनी लोणचं दिलंय, चाख.’ एकाच डब्यात पाच चमचे. जेवताना विषाणू येत नाही, त्याचीही जेवणाची सुट्टी असते. पहिल्याच दिवशी मी माझा डबा घेऊन टेबलावर एकटा बसलो. सगळ्यांना वाटलं, घरी काहीतरी झालंय. मी नाही म्हटलं तेव्हा त्यांना खरा राग आला. ‘एवढं सोवळं कधीपासून?’ कॅशियरनी विचारलं. आमच्या घराण्यात शेवटचं सोवळं आजीने पाळलं होतं, तेही चकलीच्या भाजणीपुरतं. आता ते माझ्याकडे आलंय.

मंगळवारी एकीचा वाढदिवस होता. केक आला. मेणबत्त्यांवर तिने फुंकर मारली, चांगली दोनदा, एक विझत नव्हती. मग त्या केकचे त्रेचाळीस तुकडे झाले. मी माझा तुकडा कागदात गुंडाळून खाली नेला आणि टूथपिकच्या डब्यात टाकला. देव मला क्षमा करो, चॉकलेटचा होता.

पण सगळ्यात मोठी चपराक मला बसली ती साडेआठच्या सुमारास, पायरीवर. आमचे शिपाईमामा रोज माझ्याआधी आलेले असतात. ते दिव्याला राहतात. मी त्यांना म्हटलं, ‘मामा, तुम्हाला भीती नाही वाटत?’

मामा बिडी शोधत होते. म्हणाले, ‘साहेब, मी जूनपासून येतोय.’

२०२० मध्ये ८ जूनपासून खाजगी ऑफिसांना दहा टक्के हजेरीची परवानगी मिळाली, सप्टेंबरात ती तीस टक्के झाली. हे आकडे आम्ही घरी बसून पेपरात वाचले होते. त्या दहा टक्क्यांत कोण असतील असा विचार मी केला नव्हता. साहेब असतील असं उगीच वाटायचं. दहा टक्के म्हणजे मामा, वॉचमन, झाडू मारणारी मावशी आणि सर्व्हरची खोली सांभाळणारा पोरगा. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेसाठी होती, आणि आमचं काम अत्यावश्यक नाही, यावर सरकारचं आणि माझं प्रथमच एकमत होतं. त्यामुळे मामा एसटीने यायचे. स्टॉपवर रांग, शिळफाट्याला कोंडी, एकेका बाजूला तीन-साडेतीन तास.

‘मला कुणी इचारलंच नाही,’ मामा म्हणाले. ‘तुम्हीच पहिले.’ आणि बिडी पेटवली. माझ्यापासून सहा फूट लांब जाऊन. ऑफिसात अंतर पाळणारा तेवढा एकच माणूस.

आमची इमारत इंग्रजी अमदानीतली. छत पंधरा फूट उंच, खिडक्या पुरुषभर. बांधणाऱ्याला विजेचा पंखा ठाऊक नव्हता, समुद्राचा वारा ठाऊक होता. १८९६ साली याच शहरात प्लेग आला. मांडवीत पहिला रुग्ण ओळखला तो डॉ. आकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने. लाखो लोक शहर सोडून गेले. गिरणी कामगार कोकणात, घाटावर निघून गेले आणि गिरण्या चालू ठेवायला मालकांना मजुरी रोजच्या रोज हातावर ठेवावी लागली. काय दिवस होते! भ्यायलेल्या माणसाला मालक घाबरत होता. अर्थात त्या कामगाराला डोंबिवलीच्या फ्लॅटचा हप्ता नव्हता, आणि गावी त्याचं घर होतं. माझं गावचं घर चुलत्यांनी विकलं, तो वेगळा लेख आहे.

त्या प्लेगमधून दोन गोष्टी निघाल्या. एक साथरोगाचा कायदा, १८९७ चा. २०२० च्या मार्चमध्ये तोच झटकून पुन्हा लावला. दुसरी, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १८९८ चा. या ट्रस्टने कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, प्रिन्सेस स्ट्रीट, मोहम्मद अली रोड. समुद्राची हवा आत यावी हा त्यामागचा एक हेतू. गंमत अशी की प्लेग कोंदट हवेने येत नव्हता, तो उंदरांच्या पिसवांनी येत होता. त्यांचं शास्त्र चुकलं होतं, पण खिडक्या बरोबर होत्या. आमच्याकडे शास्त्र आहे. खिडक्यांना मात्र खिळे मारलेत. काही वर्षांपूर्वी एसी बसवला तेव्हा गारवा निसटू नये म्हणून हॉलच्या सहाही खिडक्या ठोकून बंद केल्या आणि वरचं छत पीओपीने खाली आणलं. आता अख्ख्या मजल्यावर उघडणाऱ्या खिडक्या दोन. एक साहेबांच्या केबिनमध्ये, जिथे साहेब नसतात. दुसरी संडासात. शास्त्रीयदृष्ट्या आमच्या ऑफिसातली सर्वांत सुरक्षित जागा तीच आहे, आणि अलीकडे तिथे वावर वाढलाय, असं माझं निरीक्षण आहे.

गुरुवारी सकाळी मामांकडे किल्ली होती, माझ्याकडे दोन तास होते. मामांनी पँट्रीतून पक्कड आणली. पहिला खिळा गंजलेला होता, अर्ध्यात तुटला. दुसऱ्याला मामांनी रॉकेलचा बोळा लावला. तिसरा माझ्या अंगठ्याचं साल घेऊन निघाला, त्यामुळे त्या दिवशी मशीनने मला ओळखलंच नाही आणि कागदोपत्री मी गैरहजर आहे. पावणेदहाला खिडकी उघडली. बाहेर एक चिंचेचं झाड आहे. बारा वर्षांत मला माहीत नव्हतं.

वारा आला. टेबलावरचे फॉर्म उडाले, सगळ्यांची खुशी हॉलभर पसरली.

दहाला माणसं आली. कॅशियर म्हणाले, ‘अरे वा.’ पाच मिनिटांनी म्हणाले, ‘हॉर्नचा आवाज येतोय.’ अकराला अॅडमिनचा माणूस आला. एसीचं बिल वाढतं, झेरॉक्स मशीनमध्ये धूळ जाते, आणि मुख्य म्हणजे ही परवानगी कुणी दिली? मी नोटीस बोर्डाकडे बोट दाखवलं. त्याने बोर्ड प्रथमच वाचला. मग लोणावळ्याला फोन झाला. तिथून निर्णय आला की खिडकी उघडी ठेवायला व्यवस्थापनाची हरकत नाही, मात्र संबंधित कर्मचाऱ्याने तसं लिहून द्यावं.

तासाभरात फॉर्म तयार. ‘मी, खाली सही करणारा, स्वखुशीने खिडकी उघडी ठेवत आहे. त्यामुळे आत येणारी धूळ, आवाज, पाऊस व पक्षी यांस मी जबाबदार राहीन.’

मी सही केली, तारीख टाकली. शाई वाळायच्या आत एक कबुतर आलं. सरळ झेरॉक्स मशीनवर बसलं, आमच्या बाल्कनीतल्यासारखंच, मालकी हक्काने. आरडाओरडा झाला, खालून वॉचमन धावत आला. हातात काठी नव्हती, गनच होती. त्याने सवयीने ती कबुतरावर रोखली, बटण दाबलं आणि आकडा वाचला.

‘चौऱ्याण्णव पॉइंट एक,’ तो म्हणाला. ‘ओके.’